उत्कर्षा निमकरबद्दल चारशे शब्द

स्मरणिका म्हणजे काय, तर पहिल्या पानावर गणपती आणि उरलेल्या अडतीस पानांवर घरं विकणारे लोक. दोन घरं विकणाऱ्यांच्या मध्ये कुणाची तरी कविता अंग चोरून उभी असते. सुधाकर खांबेटे पस्तीस वर्षं मॉन्ट्रियलजवळच्या ब्रॉसार्डमध्ये राहत होते आणि पस्तीस वर्षांत त्यांनी दक्षिण किनारा मराठी मंडळाची एकही स्मरणिका पुरती वाचली नव्हती. दोन हजार अठराच्या ऑगस्टमध्ये मात्र त्यांना तिच्यात लिहायची वेळ आली.

फोन अध्यक्षांचा होता. नंदकुमार पोंक्षे, घरं विकणाऱ्यांमधलाच एक.

"सुधाकरराव, चारशे शब्द. फार नकोत, कुणी वाचत नाही. तुमच्या उत्कर्षावर."

"माझ्या?"

"मग कुणाच्या? स्टेजवर तुमचं नाव घेते ती, कानाला हात लावते. अहो, आमच्या शेजारच्या गोऱ्याला दाखवला मी तो व्हिडिओ. म्हटलं, हे आमचे गुरुजी, चार गल्ल्या सोडून राहतात. आठ सप्टेंबरचा तिचा मॉन्ट्रियलचा शो आहे ना, त्याची चाळीस तिकिटं काढलीयत मंडळाने. तुम्ही पुढच्या रांगेत. आम्ही सगळे तुमच्या पाठीशी!"

दोन वर्षांपूर्वी हाच नंदकुमार तिच्या गाण्याला कोकलणं म्हणाला होता. गणपतीत तिचं एखादं गाणं ठेवा, असं तिच्या आईने सुचवलं, तेव्हा ‘आपल्याकडे फॅमिली क्राउड असतं हो’ म्हणून त्याने कराओकेवर गाणारे तीन दंतवैद्य उभे केले होते. दंतवैद्यांनी गाण्याचे दात काढले होते.

पण खांबेट्यांना नंदकुमारचा राग आला तो त्यासाठी नाही. ‘नाव घेते’ असं तो म्हणाला, त्यासाठी आला. गेल्या पाच कार्यक्रमांत उत्कर्षाने त्यांचं नाव घेतलं नव्हतं. मंडळात हे अजून कुणाला कळलं नव्हतं, कारण मंडळातल्या माणसांनी एकच जुना व्हिडिओ पाहिला होता आणि त्यावरच त्यांचं पोट भरलं होतं. आठ सप्टेंबरला चाळीस जण समोर बसून पाहणार होते.


मसुदा. परिच्छेद पहिला

‘उत्कर्षाचा जन्म लव्हाल येथील एका सुसंस्कृत मराठी कुटुंबात झाला. वडील श्री. मिलिंद निमकर संगणक अभियंता, आई सौ. अरुणा गृहिणी. बालपणापासूनच तिला संगीताची ओढ होती.’

कसली ओढ! गाणं शिकलं की गणित सुधारतं असं अरुणाबाईंनी कुठेतरी वाचलं होतं. म्हणून मिलिंद दर शनिवारी नऊ वर्षांच्या पोरीला गाडीत घालून दोन पूल ओलांडून ब्रॉसार्डला आणायचा आणि खांबेट्यांच्या बेसमेंटमध्ये सोडून स्वतः ग्रोसरीला पळायचा. बेसमेंटमध्ये अकरा मुलं. दहा नाकात गायची. उत्कर्षा घशातून गायची, आणि त्या घशात वाळू होती. सा लावला की कुणी जड कपाट फरशीवरून ओढतंय असं वाटायचं. सूर मात्र पक्का. हे खांबेट्यांना तेव्हाही माहीत होतं आणि त्यांनी ते तेव्हाही कुणाला सांगितलं नव्हतं.

चार वर्षं त्यांनी तिला शिकवलं. काय शिकवलं? तीन राग, आणि बाकी सगळ्या रीती. बैठक कशी मारायची. गुरूचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात कसा लावायचा. साथीदार चुकला तर मंचावर चेहऱ्यावर कसं दिसू द्यायचं नाही. रागांपेक्षा रीती शिकवणं सोपं असतं, आणि आईबापांनाही त्याच दिसतात.

ती तेरा वर्षांची झाल्यावर एका शनिवारी त्यांनी मिलिंदला ड्राइव्हवेमध्येच गाठलं.

"मिलिंद, हिच्या गळ्यात खर आहे, आवाज खरखरतो. तो जाणार नाही. उगाच पेट्रोल कशाला जाळतोस?"

मिलिंद फावडं घेऊन त्यांच्याच दारातला बर्फ शोव्हल करत होता, क्लास सुटून मुलगी गाडीत बसली होती तरी हातातलं पुरं करत. तो ‘हो सर’ म्हणाला. फावडं भिंतीला टेकवून, मुलीला घेऊन गेला. त्यानंतर आला नाही.

खोडलेलं वाक्य: ‘पुढे शालेय अभ्यासामुळे तिला वर्ग सोडावा लागला.’

हे वाक्य त्यांनी खोडलं आणि मग तेच, जसंच्या तसं, पुन्हा लिहिलं.


मसुदा. परिच्छेद दुसरा

‘त्यानंतर तिने पाश्चात्त्य संगीताचाही अभ्यास केला.’

मॉन्ट्रियलच्या एका जुन्या चर्चमध्ये कृष्णवर्णीय लोकांचा समूह गायचा. शाळेतल्या मैत्रिणीबरोबर उत्कर्षा तिथे गेली. समूह चालवणाऱ्या बाई बार्बाडोसच्या, वय सत्तर, नाव सिस्टर मर्ल. त्यांनी पोरीला एक ओळ गायला लावली, डोळे मिटून ऐकली आणि तिला मधल्या रांगेत उभं केलं. वाळू कुणी काढायला सांगितली नाही. उलट कपाट आणखी जोरात ओढायला सांगितलं.

एकदा ईस्टरला खांबेटे तिथे गेले होते, उत्सुकता म्हणून नव्हे, अशी त्यांनी बायकोला खात्री दिली होती. दोन तास उभं राहून त्यांनी ऐकलं. लोक रडत होते, हात वर करत होते, मध्येच ओरडून दाद देत होते. घरी येऊन ते जयंतीबाईंना म्हणाले, "सगळं भावनेवर आहे."

"मग कशावर असायला हवं होतं?" जयंतीबाईंनी विचारलं आणि त्या भाजी चिरायला बसल्या.


मसुदा. परिच्छेद तिसरा

‘स्वतः गीते लिहून, स्वतः चाली बांधून, आज ती सोल या संगीतप्रकारातील आघाडीची कलाकार आहे.’

ती मायक्रोबायॉलॉजी शिकत होती. दुसऱ्या वर्षी सोडलं. लव्हालच्या एका औषधांच्या दुकानात गल्ल्यावर बसायची आणि पावतीच्या कागदाच्या पाठीवर गाणी लिहायची. दोन हजार चौदामध्ये कुठल्याशा बारच्या तळघरात अकरा माणसांपुढे गायली. पंधरामध्ये चार गाण्यांची सीडी. उत्कर्षा हे नाव फ्रेंच आणि इंग्रज दोघांच्याही तोंडात मावेना, म्हणून कार्शा झाली. स्वतःच्या नावाचं डोकं कापून शेपूट मिरवणारी मुलगी, असं खांबेटे तिला म्हणत. अर्थात मनात.

सोळामध्ये पहिला अल्बम आला आणि सगळं उलटंपालटं झालं. रेडिओवर तिचं एक गाणं दिवसातून आठ वेळा लागू लागलं. गाणं बापाबद्दल होतं. पहाटे पाचला बाप दुसऱ्याच्या दारातला बर्फ उपसतो आणि पोरगी गाडीच्या काचेतून बघते, एवढंच. शेवटची ओळ ती सोळा वेळा म्हणते. जिथे एकदा म्हणून भागतं तिथे सोळा वेळा म्हणणं याला हे लोक सोल म्हणतात, असं खांबेट्यांचं मत. ते दार कुणाचं, हे गाण्यात नव्हतं. खांबेट्यांनी तीन वेळा ऐकून खात्री करून घेतली होती.

टीकाकारांनी लिहिलं की तिच्या आवाजात थंडीचा पोत आहे. पोत! ज्याला स्वर आणि व्यंजन यांतला फरक कळत नाही त्याला पोत कळतो. पुरस्काराच्या यादीत नाव आलं. पुरस्कार मिळाला नाही, पण यादीतल्या नावावरही माणूस दोन वर्षं फिरू शकतो, आणि ती फिरली. सतराच्या उन्हाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत एकतीस शहरं.


व्हिडिओ. विनिपेग, जुलै २०१७

हा व्हिडिओ जयंतीबाईंचा भाचा प्रणव याने पाठवला. तो तिथे कॉलेज करत होता आणि उरलेल्या वेळात कॉफी विकत होता. हात हलल्यामुळे पहिली दोन मिनिटं समोरच्या बाईचं डोकंच दिसतं. मग उत्कर्षा पुढे येते. पिवळा झगा, कानात ते गायकांचं यंत्र. इंग्रजीत म्हणते, गाण्याआधी मी माझ्या गुरूंचं नाव घेते, सुधाकर खांबेटे, ब्रॉसार्ड. आणि उजव्या कानाला हात लावते. गर्दी ओरडते. गर्दीला ब्रॉसार्ड म्हणजे हिमालयातलं एखादं शिखर वाटलं असावं.

खांबेट्यांनी व्हिडिओ पाहून फोन उपडा ठेवला. मग सुलटा केला. मग जयंतीबाई आंघोळीला गेल्यावर पुन्हा पाहिला.

महिन्याभरात खांबेटे काकांचे खांबेटे गुरुजी झाले. भारतीय वाणसामानाच्या दुकानात लोक वाकू लागले. क्लासला नवी मुलं यायला लागली, त्यांच्या आया हात जोडून म्हणायच्या, "कार्शासारखं नाही झालं तरी चालेल." खांबेटे या सगळ्यांना तुच्छ मानत. ही माणसं आज वाकतात ती त्यांच्या गाण्याला नव्हे, एका कॉफीवाल्याने काढलेल्या व्हिडिओला, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. स्वच्छ दिसत असूनही ते दुकानात दिवसाआड जाऊ लागले. आधी आठवड्यातून एकदा जात.

"कोथिंबीर संपली का पुन्हा?" जयंतीबाई विचारत.

आणि कुणी विचारलं तर ते सांगत, हिचा पाया मी घातला. खर मी ओळखला. खर ओळखला हे खरंच होतं.

अठराच्या वसंतात ती पुन्हा गाऊ लागली. पाच कार्यक्रम. पाचही कुणी ना कुणी इंटरनेटवर टाकले. पिवळ्याऐवजी काळा झगा. नाव नाही. हात कानाकडे जात नाही. दोन्ही हातांनी माइक घट्ट धरलेला, जणू तो पळून जाणार आहे.

"मोठी झाली. लाज वाटत असेल आता," खांबेटे म्हणाले.

"तुम्ही तिला हाकललं होतंत," जयंतीबाई म्हणाल्या. "ती इतके दिवस नाव घेत होती याचंच मला नवल वाटतं."


मसुदा. परिच्छेद चौथा

कोरा.


आठ सप्टेंबरला दुपारी खांबेट्यांनी ब्रॉसार्डच्या पनामा टर्मिनसवरून मॉन्ट्रियलची बस पकडली. खिशात मसुदा होता. सेंट कॅथरीन रस्त्यावरच्या थिएटरच्या मागच्या दाराशी रखवालदाराने अडवलं, तेव्हा ते पस्तीस वर्षांच्या मोडक्या फ्रेंचमध्ये म्हणाले की मी तिचा प्रोफेसर. आत सोडलं. प्रोफेसर शब्दाने अजूनही दारं उघडतात, एवढी तरी या देशाला बुद्धी आहे.

मंचावर वायरींचा पसारा होता. एक दाढीवाला माणूस बटणांच्या टेबलापाशी बसला होता. उत्कर्षा साध्या ट्रॅकपँटमध्ये, एका काळ्या पेटीवर बसून गाजर खात होती. सत्तावीस वर्षांची, चेहरा अजून मिलिंदचाच. त्यांना पाहून ती उठली, गाजर दाढीवाल्याकडे दिलं आणि वाकून पाया पडली.

"काका! तुम्ही इतके अर्ली? शो सातला आहे."

"पाच कार्यक्रम झाले," खांबेटे म्हणाले.

"कसले पाच?"

"नाव नाही घेतलंस."

ती दाढीवाल्याकडे वळून काहीतरी फ्रेंचमध्ये बोलली. तो गाजर घेऊन निघून गेला. जाताना त्याने खांबेट्यांकडे असं पाहिलं की त्यांना वाटलं, हा आपल्याला ओळखतो.

"तो ल्यूक," ती म्हणाली. "बसा ना. ल्यूक म्हणजे माझा मॉनिटरवाला. मला कानात जे ऐकू येतं ना, माझा आवाज, बँड, सगळं त्याच्या हातात असतं. आणि गाताना बोलता येत नाही, सो आम्ही खुणा करतो. कानाला हात लावला म्हणजे आवाज वाढव."

खांबेटे उभेच होते.

"लास्ट इयरला तो नवीन होता. मी तुमचं नाव घेऊन कानाला हात लावायचे. त्याने वाढवला. मध्ये तुम्ही शिकवलेली एखादी जागा आली की पुन्हा हात जायचा. पुन्हा वाढवला. एकतीस शो, काका. बिचारा. त्याला वाटायचं, हिला किती लाऊड लागतं!"

"मग सांगायचं नाही का त्याला? तोंड नव्हतं?"

ती हसली. "कसं सांगणार? साथीदाराची चूक स्टेजवर दाखवायची नाही. खाली उतरल्यावरसुद्धा, त्याने विचारल्याशिवाय सांगायची नाही. हू टॉट मी दॅट? मला वाटलं मोठ्या स्टेजवर असंच लाऊड असत असेल. त्याने विचारलंच नाही, मी सांगितलंच नाही."

"आणि?"

"आणि नोव्हेंबरपासून उजव्या कानात शिट्टी आहे. बंद होत नाही. वरचे सूर गेलेत त्या कानातून. डॉक्टर म्हणाला, परत येणार नाहीत." हे तिने हवामान सांगावं तसं सांगितलं. "ल्यूकला माहीत आहे. तो रडला. आईबाबांना नाही सांगितलं. फेस्टिव्हलवाल्यांना कळलं तर युरोपची टूर जाईल."

खांबेट्यांनी पायाजवळची एक वायर बुटाने बाजूला सारली. काहीतरी बोलायला हवं होतं. बोलले ते असं:

"पाळीला हात लावायचा असतो. खालच्या पाळीला. कानावर दाबायचा नसतो. मी तुम्हाला दहादा दाखवलं होतं."

"यॅ," ती म्हणाली. "मी नऊ वर्षांची होते."

"आता त्याला ठाऊक आहे ना सगळं? तो काही वाढवणार नाही. मग नाव घ्यायला काय हरकत आहे?"

"नाव घेतलं की हात जातो, काका. आपोआप. मी खिशात हात घालून ट्राय केलं, तर मानच खांद्याकडे जाते. आणि ते कानातलं थोडं जरी दाबलं गेलं ना, की शिट्टी एवढी वाढते की पुढचं एक गाणं मला माझाच सूर ऐकू येत नाही. अंदाजाने गाते मग. म्हणून दोन्ही हातांनी माइक धरते आणि नाव घेत नाही. आय एम सॉरी. मी फोन करणार होते, पण काय सांगणार?"

खांबेटे चाळीस वर्षं विमानाच्या चाकांचे अभियंते होते. कशामुळे काय मोडतं हे त्यांना कुणी फोड करून सांगायला लागत नसे. नाव, हात, कान, सूर. साखळी त्यांच्यापुढे उलगडून ठेवलेली होती आणि तिचं पहिलं टोक त्यांच्याच हातात होतं. नको घेऊस, एवढं म्हणायचं होतं. दोन शब्द. जिभेवर आलेही होते.

"आज मंडळाची चाळीस माणसं येणार आहेत," ते म्हणाले. "नंदकुमार पण आहे."

उत्कर्षाने त्यांच्याकडे पाहिलं. आश्चर्याने नव्हे. ड्राइव्हवेमध्ये गाडीत बसून काचेतून पाहत असेल तेव्हा असंच पाहत असेल.

"ओके काका."

"तसं काही नाही हं. जमलं तर."

"घेते ना. सुरुवातीलाच घेते. दॅट वे, एकच गाणं जाईल."

"मला पुढची रांग दिलीय," खांबेटे म्हणाले.

मग ते कोपऱ्यावरच्या कॅफेत जाऊन बसले. दोन तास होते. मसुदा काढून त्यांनी चौथा परिच्छेद एका दमात लिहिला, काहीही न खोडता. ‘यशाच्या शिखरावर असतानाही गुरूंविषयी तिच्या मनात अपार आदर आहे. आजही प्रत्येक कार्यक्रमाच्या आरंभी ती गुरूंचे स्मरण करते.’ अक्षर सुरेख आलं होतं. शब्द मोजले तर तीनशे ऐंशी भरले, म्हणून ‘कृतज्ञतापूर्वक’ वगैरे घातलं.


सात वाजता मंडळ आलं. नंदकुमार रेशमी कुर्त्यात. बायका कांजीवरम नेसून पॉपकॉर्न घेऊन. मागच्या तीन रांगा त्यांनी लग्नाच्या पंगतीसारख्या अडवल्या आणि एकमेकांना ओरडून विचारायला लागले की उठून नाचावं लागतं का, की बसून चालतं. खांबेटे त्यांच्यापुढे एकटे, कडेच्या खुर्चीवर. जयंतीबाई आल्या नव्हत्या. डोकं दुखतंय म्हणाल्या, आणि ‘नाव का घेत नाहीस, विचारलंत का तिला?’ असंही म्हणाल्या होत्या. त्यांनी ऐकू आलं नाही असं दाखवलं होतं.

दिवे गेले. उत्कर्षा आली. काळा झगा. माइक दोन्ही हातांनी धरलेला. गर्दी शांत होईपर्यंत ती थांबली आणि मग एक हात तिने माइकवरून काढला.

"गाण्याआधी मी माझ्या गुरूंचं नाव घेते," ती मराठीत म्हणाली. बाराशे माणसांतल्या चाळिसांना ते कळलं. "सुधाकर खांबेटे. ते आज इथे आहेत."

हात गेला. बटणांच्या टेबलापाशी ल्यूकने आपले दोन्ही हात वर उचलून धरले, काही स्पर्श होऊ नये म्हणून.

मागे चाळीस जण उसळले. "गुरुजी! गुरुजी, उभे राहा!" नंदकुमार शिट्टी वाजवत होता. कुणीतरी खांबेट्यांच्या खांद्यावर थाप मारली, कुणीतरी फोनचा दिवा त्यांच्या तोंडावर मारला. बँड सुरू झाला. पहिली ओळ आली.

खाली होती. अर्ध्या सुराहून थोडी कमी, पण खाली. बाराशे माणसांपैकी कुणालाही ते कळलं नाही. त्यांना पोत ऐकू येत होता. दुसरी ओळही खालीच. तिने डोकं किंचित कलतं केलं आणि कीबोर्डवाल्या मुलीकडे पाहिलं. त्या मुलीने एक स्वर दाबून धरला. उत्कर्षा त्या स्वराकडे निघाली, अंधारात पायरी चाचपावी तशी, एकदा वर गेली, जास्त वर गेली, परत आली. नऊ वर्षांची असताना ती एकदाही अशी चुकली नव्हती.

"गुरुजी, इकडे! एक नमस्कार, व्हिडिओ घेतोय!" नंदकुमार ओरडला.

खांबेटे उठले. मंचाकडे पाठ करून ते मागच्या रांगांकडे वळले आणि हात जोडले. समोर चाळीस फोन होते. गाल दुखेपर्यंत ते हसत राहिले. त्यांच्या पाठीमागे केव्हातरी, तिसऱ्या किंवा चौथ्या ओळीला, तिला सूर सापडला असावा, कारण एकाएकी सगळं थिएटर गप्प झालं. नंदकुमारसुद्धा. चाळीसच्या चाळीस फोन हळूहळू त्यांच्या डोक्यावरून मंचाकडे वळले, आणि खांबेट्यांना आता बसायचं की तसंच उभं राहायचं ते कळेना.

"अहो, बसा ना खाली," मागून एक बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "दिसत नाहीये."